‘समजलं का?’ नंतरची शांतता : अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना खुले पत्र

शालेय अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सर्व मान्यवरांस,

सप्रेम नमस्कार.

मी गणित शिकवतो. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पत्र अर्ध्यावर टाकायचंच असेल तर इथेच टाकता येईल.

नववीच्या वर्गावर वर्गसमीकरणं शिकवत होतो. फळा भरला, खडू खाली ठेवला आणि सवयीने विचारलं, “समजलं का?” कुणी काही बोललं नाही. “काही शंका?” तरी शांतता. अशा शांततेचा अर्थ शिक्षक स्वतःच्या सोयीने लावतो; मीही लावला आणि पुढचं उदाहरण घ्यायला वळलो. त्या दिवशी का कोण जाणे, पुन्हा मागे वळून पाहिलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलाची नजर फळ्यावरून शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर गेली आणि परत फळ्यावर आली. क्षणभराने शेजाऱ्याने अगदी तेच केलं. दोघांनी एकमेकांची चाचपणी केली आणि दोघांनाही एकच चुकीचं उत्तर मिळालं : याला समजलेलं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. निम्म्याहून अधिक मुलांनी ‘नाही समजलं’ लिहिलं होतं. मी ते वर्गात जाहीर केलं तेव्हा आधी हशा झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे सर, मी एकटाच नव्हतो?”

या प्रकाराला मानसशास्त्रात नाव आहे. प्रत्येक जण मनातून एक मानतो, वरून दुसरं दाखवतो आणि इतरांच्या वरवरच्या वागण्यालाच त्यांचं मन समजतो. बहुल अज्ञान असा एक जडजंबाल प्रतिशब्द त्याला आहे, पण मुलांना तो सांगायची गरज पडली नाही. त्यांनी तो आदल्याच दिवशी अनुभवला होता.

तर माझी मागणी अशी. आठवी-नववीपासून आठवड्याला एक तास सामाजिक मानसशास्त्राला द्या. माणूस माणसांत असताना कसा वागतो, एवढाच त्याचा विषय. सध्या हे शास्त्र मुलांना भेटतं ते शाळा संपल्यावर, तेही ऐच्छिक विषय म्हणून, व्याख्या पाठ करण्यापुरतं. ज्या वयात त्याची सर्वांत जास्त गरज असते त्या वयात आपण त्यांना मूल्यशिक्षण देतो : खरं बोलावं, दुबळ्याची बाजू घ्यावी, वाईट संगत टाळावी. यातलं काहीच खोटं नाही, आणि मुलांनाही ते मान्यच असतं. अडचण एवढीच, की आजूबाजूचे आठ जण उलट बोलत असतात त्या क्षणी खरं बोलणाऱ्याच्या पोटात काय होतं, हे कुणी सांगत नाही. पोहायला शिकवताना ‘बुडू नका’ एवढंच सांगून काठावर बसावं, तसा हा प्रकार आहे.

सॉलोमन ॲश यांचा प्रयोग तुम्हाला ठाऊक असेल, पण तो मुलांना कसा सांगावा याबद्दल मला बोलायचं आहे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींतली कोणती रेघ पहिलीएवढी, ते मोठ्याने सांगायचं. प्रश्न इतका सोपा, की एकट्याने उत्तर देणारा शंभरात एकदाही चुकत नाही. पण खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याला सामील. अठरापैकी बारा वेळा ते एकमुखाने चुकीचं उत्तर देतात. खरा विद्यार्थी एकच, आणि त्याची पाळी शेवटी किंवा शेवटून दुसरी.

मी वर्गात इथे थांबतो आणि विचारतो, तुम्ही काय सांगाल? आजवर एकाही मुलाने ‘मी चुकीचं सांगेन’ असं म्हटलेलं नाही. मग आकडे सांगतो. त्या बारा प्रसंगांतली सुमारे 37 टक्के उत्तरं गटामागे गेली. दर चौघांतले तिघे निदान एकदा तरी घसरले. डोळ्यांना धडधडीत दिसत असताना.

बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात आणि मुलांच्या हाती ‘माणूस मेंढरू आहे’ एवढाच निष्कर्ष येतो. मला हे साफ अमान्य आहे. एक तर पाव लोक एकदाही घसरले नाहीत, आणि एकूण उत्तरांतली बहुसंख्य बरोबरच होती. पण त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. ॲश यांनी त्या सामील मंडळींत बरोबर उत्तर देणारा एकच माणूस घातला, आणि गटामागे जाणारी उत्तरं पाच-सहा टक्क्यांवर आली. इतकंच नाही, तो एकटा फुटणारा स्वतःही चुकीचं पण वेगळं उत्तर देत असला, तरी गटाची पकड सैल झाली. सोबती हुशार असण्याची गरज नव्हती. एकमत फुटणं पुरेसं होतं.

पंधरा वर्षांच्या मुलाला ‘एकटा उभा राहा’ हा उपदेश आपण फार सहज करतो. आपल्यातले किती जण बैठकीत एकटे उभे राहिले आहेत, हे ज्याचं त्याला माहीत. पण त्याच मुलाला जर कळलं, की आपल्या एका ‘मला नाही असं वाटत’ने त्या खोलीतल्या आणखी कुणाची तरी जीभ सुटणार आहे, तर त्या चार शब्दांचं वजन बदलतं. तो धैर्याच्या परीक्षेला बसलेला नसतो, कुणाचा तरी सोबती होत असतो. लेखी आणि खाजगी उत्तर देऊ दिल्यावरही ॲश यांच्या प्रयोगात गटाचा प्रभाव बराच ओसरला होता. माझ्या चिठ्ठ्यांनी जे केलं ते हेच. हात वर करून मत मागण्याची आपली सवय किती मुलांना गप्प करते, याचा विचार तुमच्या समितीच्या बैठकीतही व्हावा. (तिथेही मतदान हात वर करूनच होतं, असा माझा अंदाज आहे.)

हा प्रयोग वर्गात करून दाखवायचा मोह झाला होता. आवरला. एका मुलाला बकरा करून शिकवलेला धडा बाकीचे हसण्यासाठीच लक्षात ठेवतात.

यानंतर मुलांना सर्वांत जास्त भावते ती टी-शर्टाची गोष्ट. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी ती 2000 साली प्रसिद्ध केली. कॉलेजातल्या मुलांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयात तो घालणं म्हणजे लाजच. मग त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांनी ओळखलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांनी. कपाळावरच्या पुटकुळीसाठी शाळा बुडवणाऱ्या मुलांना मी हे सांगितलं, तेव्हा एक मुलगी ताडकन म्हणाली, “म्हणजे चौथा हिस्सा बघतोच की!” मला उत्तर सुचलं नाही. पण पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत ‘तू निम्म्यातला की पावातला’ हा विनोद चालू होता, आणि हे फळ मला कुठल्याही उत्तरपत्रिकेपेक्षा मोठं वाटतं.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका वर्गाच्या मोबाइल गटावर रात्री कुणीतरी एका मुलाचा विद्रूप केलेला फोटो टाकला. जवळजवळ सगळ्यांनी तो पाहिला होता. हसणारे चार-पाच, बाकीचे गप्प. सकाळी तो मुलगा आला नाही. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं आणि प्रत्येकाने मला हेच सांगितलं : “सर, मला आवडलं नव्हतं.” मग गटावर लिहिलं का नाहीस? “वाटलं, कुणीतरी लिहील.” मी काय करावं? पूर्ण तासभर त्यांना झापलं. ‘तुम्हाला लाज कशी वाटत नाही’ इथून सुरुवात केली. मुलं खाली मान घालून बसली, तास संपला, आणि त्यातून कुणाच्या हाती काही लागलं नाही. लाज त्यांना वाटतच होती. ती कमी पडली नव्हती. त्यांना ठाऊक नव्हतं ते हे, की पाहणारे जितके जास्त तितकी प्रत्येकाच्या वाट्याची जबाबदारी पातळ होत जाते, आणि इतरांची शांतता ही ‘एवढं काही गंभीर नाही’ अशी साक्ष देते.

जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी 1968 साली हेच दाखवलं. एका प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून यंत्रावरून एकमेकांशी बोलत होते आणि त्यांतल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू आला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातल्या 85 टक्के जणांनी तो झटका संपायच्या आत मदत मागितली. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटत होतं, त्यांच्यातल्या 31 टक्के जणांनी. दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला. एकटा बसलेला माणूस चारांत तीनदा उठून सांगायला गेला. शेजारी दोन ढिम्म बसणारे सोंगाडे असले, तेव्हा दहांत एकच गेला. बाकीचे डोळे चोळत, हाताने धूर वारत, समोरचा कागद भरत राहिले.

या प्रयोगांमागची कहाणीही सांगावीच लागते, पण पुरी. 13 मार्च 1964 रोजी न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. 38 जण खिडकीतून पाहत राहिले आणि कुणी हललं नाही, असं वर्तमानपत्राने छापलं आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांनी तेच उतरवून घेतलं. नंतरच्या तपासात ही कहाणी टिकली नाही. संपूर्ण प्रसंग पाहणारे इतके साक्षीदार नव्हतेच, बहुतेकांनी नुसता आवाज ऐकला होता, कुणी खिडकीतून ओरडलंही होतं, आणि एक शेजारीण खाली धावली आणि तिला कुशीत घेऊन बसली होती. म्हणजे खोट्या कहाणीवरून खरा प्रश्न सुचला. मुलांना हे जरूर सांगा. सगळ्यांनी मानलेली गोष्ट तपासायची असते, हे सामाजिक मानसशास्त्राच्या तासाला नाही तर कुठे शिकवणार? आणि सोबत 2019 सालचा अभ्यासही सांगा. तीन देशांतल्या तीन शहरांतल्या 219 रस्त्यावरच्या भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं, तेव्हा दहांतल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. धोका स्पष्ट दिसत असला की माणसं हलतात. फोनवर आलेल्या फोटोत तो स्पष्ट दिसत नाही, दुखावलेल्याचा चेहराच समोर नसतो.

‘वाईट संगत’ या शब्दाबद्दलही तक्रार आहे. 2005 साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला, काहींना एकट्याने, काहींना दोन मित्रांदेखत. मित्र पाहत असताना किशोरवयीन मुलांनी बराच जास्त धोका पत्करला; मोठ्यांच्या खेळात फरक पडला नाही. ते मित्र काही वाया गेलेले नव्हते. संगत वाईट असावी लागत नाही, नुसती असावी लागते. हे आईवडिलांना पटवणं सर्वांत कठीण.

आणि गट म्हणाल तर तो कशावरूनही पडतो. हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या 14-15 वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. तुला क्ले या चित्रकाराची चित्रं जास्त आवडली की कांडिन्स्कीची, एवढ्यावरून, आणि तेही खरं तर चिठ्ठी टाकल्यासारखं. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं. तरी इतरांना पैसे वाटून द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून चकित करणारी गोष्ट अशी, की आपल्या गटाला एकूण जास्त मिळण्यापेक्षा दुसऱ्यापेक्षा जास्त मिळण्याकडे त्यांचा ओढा दिसला, त्यापायी थोडं कमी घ्यावं लागलं तरी. ताजफेल स्वतः पोलंडमधले ज्यू. युद्धात जर्मनांच्या कैदेत होते, सुटून आले तेव्हा घरचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. द्वेष केवढ्याशा बीजातून उगवतो, हा प्रश्न त्यांनी उगाच हाती घेतलेला नव्हता. ‘अ’ तुकडी आणि ‘ब’ तुकडी यांच्यातल्या वैराचं कारण मी मुलांना विचारलं होतं. अर्धा तास चर्चा झाली. कारण सापडलं नाही, वैर मात्र सगळ्यांना मान्य होतं.

आता तुमचा आक्षेप. हे सगळं शिकवलं तर मुलांना पळवाट मिळेल : ‘मी नाही, परिस्थितीने केलं.’ आक्षेप खरा आहे, आणि शिकवणाऱ्याने निष्काळजीपणा केला तर तसं होईलही. म्हणून स्टॅनली मिलग्रम सांगताना हात राखून सांगू नका. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 40 पैकी 26 जण प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते धक्के देत 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले (धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं). हे सगळे सांगतात. उरलेले 14 जण थांबले, हे क्वचित कुणी सांगतं. आणि नंतरच्या एका फेरीत, शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिल्यावर, 40 पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले, हे तर जवळजवळ कुणीच नाही. परिस्थिती माणसाला ढकलते, आणि त्या परिस्थितीतला एक भाग म्हणजे शेजारचा माणूस. तुम्ही कुणाच्या तरी शेजारी बसलेले असताच. यात पळवाट कुठे आहे ते मला दिसत नाही.

1971 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात कॉलेजच्या मुलांना कैदी आणि पहारेकरी बनवून मांडलेला लुटुपुटीचा तुरुंग मात्र पुस्तकात जसाच्या तसा घालू नका, ही विनंती. पहारेकरी झालेली मुलं आपोआप क्रूर बनली, असं सांगितलं जातं. पण त्यांना कडक वागण्याच्या सूचना मिळाल्या होत्या, हे ध्वनिमुद्रणांतून आणि कागदपत्रांतून पुढे आलं आहे. तो घ्यायचाच तर प्रयोग कसा फसतो याचा नमुना म्हणून घ्या.

राहता राहिलो आम्ही शिक्षक. माणसाच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि त्याच्या परिस्थितीकडे काणाडोळा करायचा, या खोडीला ली रॉस यांनी 1977 साली ‘मूलभूत’ चूक म्हटलं. ती पाहायची असेल तर शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटं बसा. ‘तो मुळातच उडाणटप्पू.’ ‘ती घमेंडखोर.’ मी स्वतः एका मुलाला वर्षभर ‘झोपाळू’ म्हणत आलो. पहिल्या तासाला त्याची मान हमखास कलायची. तो रात्री आजारी आजोबांजवळ जागतो, हे मला शाळेच्या शेवटच्या महिन्यात कळलं, तेही दुसऱ्या मुलाकडून. मी उशिरा आलो तर वाहतुकीमुळे आणि तो झोपला तर स्वभावामुळे! एवढ्या एका गोष्टीसाठी तरी हा विषय आधी आम्हाला शिकवा, मग मुलांना.

परीक्षा ठेवू नका. ठेवलीत की पुढच्याच वर्षी ‘अनुरूपतेची व्याख्या लिहून दोन प्रकार स्पष्ट करा’ असा प्रश्न येईल आणि विषय तिथेच संपेल. त्याऐवजी मुलांवर थोडं सोपवून पाहा. 2016 साली एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या 56 शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवडक शाळांत मुलांच्याच एका लहान गटाला आपल्या शाळेतल्या छळाविरुद्ध आपल्या पद्धतीने उभं राहायला प्रोत्साहन दिलं. मोठ्यांनी घोषवाक्यं लिहून दिली नाहीत. त्या शाळांत वर्षभरात मुलांमधल्या भांडणांच्या शिस्तभंगाच्या नोंदी सुमारे 30 टक्के कमी झाल्या, आणि इतर मुलांचं ज्यांच्याकडे जास्त लक्ष असतं अशी मुलं गटात होती तिथे परिणाम अधिक दिसला. ती मुलं पहिल्या नंबराची असतातच असं नाही. मॉनिटर तर बहुधा नसतातच.

चिठ्ठ्यांची गोष्ट मी अर्धवट सांगितली. ‘नाही समजलं’च्या ढिगाबरोबर ‘समजलं’चाही एक लहान ढीग होता. त्यांतल्या एका चिठ्ठीवर एका ओळीऐवजी तीन ओळी होत्या : “मला समजलं होतं. पण हो म्हणणारी मी एकटीच झाले असते. म्हणून मीपण खाली बघितलं.”

ती चिठ्ठी माझ्या हजेरीपटात आहे. हवी असेल तर पाठवतो.

आपला,
एक गणित शिक्षक